जुन्या गाड्यांचा वाडा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी तुमच्याशी एका जागेविषयी बोलणार आहे. जागा आहे जर्मनीत, बर्लिन शहरात. पण तिथं जाण्याआधी मला परळच्या एका गल्लीतून जावं लागेल. त्याशिवाय ती बर्लिनची जागा मला का आवडली, हे तुम्हाला नीट कळायचं नाही.

माझे वडील परळला डॉक्टर होते. त्यांच्याकडे एक फियाट होती. ११०० डिलाइट, १९६८ सालची, फिकट निळ्या रंगाची. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे गाडी आली की ती घरातलं माणूस होऊन जायची. या गाडीचं माहेर म्हणजे दवाखान्यामागची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी इंजिनाचं काम करणारा मिस्त्री बसायचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. समोर पत्रा ठोकणारा डेंटर. त्याच्या पुढे रेक्झिनचं सीटकाम करणारा, शेजारी वायरिंग आणि बॅटरी बघणारा, आणि अगदी टोकाला लेथ टाकून बसलेला टर्नर. गाडी उस्तादांकडे गेली की ते बॉनेट उघडून आत डोकावायचे आणि तिथूनच हाक मारायचे. बुश झिजलं असेल तर टर्नरला, दिवा लागत नसेल तर बॅटरीवाल्याला. प्रत्येक जण हात पुसत यायचा, बघायचा, आपलं मत द्यायचा. चहा एकाच टपरीवरून यायचा. मोठा जॅक गल्लीत एकच होता आणि तो नक्की कुणाचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नव्वदीच्या दशकात ती गल्ली उठली. जुन्या चाळींच्या जागी इमारत होणार होती. कारागिरांपैकी कुणी मुंब्र्याला गेला, कुणी वसईला, कुणी गावी परतला. एकेकट्यानं पाहिलं तर कुणाचं फार वाईट झालं असं नाही. पण गाडीचं झालं. उस्तादांना शोधून काढलं तर ते म्हणायचे, "मी इंजिन उतरवतो, पण हे करून देणार कोण? तो तिकडे गेला, हा इकडे." दोन पावसाळे गाडी इमारतीखाली उभी राहिली. खालचा पत्रा सडला. १९९८ साली मी ती भंगारात दिली, किलोच्या भावानं. वडील काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही राहिली होती बघ."

तेव्हा मला वाटलं होतं की गाडी जुनी झाली म्हणून गेली. ती गल्ली नव्हती म्हणून गेली, हे मला बर्लिनमध्ये समजलं.

ट्रामचं घर

२०१४ साली मी भाचीकडे बर्लिनला गेलो होतो. बाहेर पाऊस, घरात बसून कंटाळा. भाची म्हणाली, "मामा, तुम्हाला आवडेल अशी एक जागा आहे, तिकीटसुद्धा नाही." मोआबिट नावाच्या जुन्या कामगार वस्तीत ती मला घेऊन गेली. बाहेरून दिसली लाल विटांची एक प्रचंड इमारत.

ही इमारत मुळात ट्रामचा डेपो. १८९९ ते १९०१ या काळात बांधलेली. शेकडो ट्रामगाड्या रात्री इथं विसाव्याला यायच्या आणि त्यांची देखभालही इथंच व्हायची. पुढे महायुद्ध झालं, शहराची फाळणी झाली. हा भाग पश्चिम बर्लिनमध्ये आला. पश्चिम बर्लिननं ठरवलं की ट्राम जुनाट झाली, आता बस आणि भुयारी रेल्वे. २ ऑक्टोबर १९६७ रोजी तिथली शेवटची ट्राम धावली. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल, मुंबईची शेवटची ट्राम त्याच्या तीनच वर्षं आधी, ३१ मार्च १९६४ रोजी धावली होती. त्या काळात जगभर तीच हवा होती.

ट्राम गेली, पण तिचं घर उरलं. अशा रिकाम्या इमारतीचं पुढे काय होतं, ते गिरणगावातल्या माणसाला सांगायला नको. एक तर ती पाडतात, नाही तर आतलं सगळं काढून टाकतात आणि बाहेरची भिंत शोभेला ठेवतात. इथं वेगळं झालं. २००३ साली ही जागा जुन्या मोटारगाड्यांसाठी उघडली. सुरुवातीला तिचं नाव होतं मायलेनवेर्क, म्हणजे साधारण 'मैलांचा कारखाना'. पुढे नाव बदललं आणि आज ती क्लासिक रेमीझ म्हणून ओळखली जाते. रेमीझ म्हणजे बग्ग्या, टांगे ठेवायची जागा, आपल्या जुन्या वाड्यांतला गाडीखाना. याच धर्तीची दुसरी जागा २००६ साली ड्युसेलडॉर्फ शहरात निघाली. ती आहे रेल्वेइंजिनांच्या जुन्या गोल शेडमध्ये.

आता ट्रामच्या डेपोत मोटारी दुरुस्त करायच्या, ही कल्पना वरवर गंमतीची वाटते. पण विचार केला तर ती सरळ आहे. ट्रामसाठी बांधलेल्या इमारतीला दरवाजे रुंद असतात. सगळा मामला जमिनीच्या पातळीवर, त्यामुळे पायऱ्या नाहीत, जिने नाहीत. जमीन जड वजन पेलणारी. छत उंच आणि आत उजेड भरपूर, कारण मिस्त्र्यांना काम करताना दिसायला हवं. चाकांच्या एका वाहनासाठी बांधलेलं घर चाकांच्या दुसऱ्या वाहनाला बेताचं बसलं. इमारतीला काही वेगळं करायला शिकवावं लागलं नाही.

वाड्याची रचना

आत गेल्यावर मला आठवण झाली ती पुण्याच्या वाड्यांची. वाड्यात कसं असतं? कडेनं बिऱ्हाडं, प्रत्येकाची चूल वेगळी, आणि मधला चौक सगळ्यांचा. पापड तिथंच वाळायचे, मुंजही तिथंच लागायची. इथंही तसंच आहे. कडेकडेनं छोटे-मोठे कारखाने. कुणी एकाच कंपनीच्या गाड्या दुरुस्त करतो, कुणी फक्त इंजिनं, कुणी सीटचं चामडं. मध्येमध्ये जुन्या गाड्या विकणारे व्यापारी. सुटे भाग, छोटी मॉडेलं, घड्याळं असलं काहीबाही विकणारी दुकानं. खायला-प्यायला जागा. प्रत्येकाचा धंदा स्वतंत्र, भाडं स्वतंत्र. आणि मधला मोठा मोकळा भाग म्हणजे चौक.

या चौकात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात त्या काचेच्या खोल्या. एका खोलीत एक गाडी, आणि अशा खोल्या एकावर एक रचलेल्या. तुम्ही फिरत जाता तर उजव्या हाताला कुणाची तरी साठ वर्षांची मर्सिडीज, वरच्या मजल्यावर लाल रंगाची इटालियन गाडी, पलीकडे एखादी साधी फोक्सवॅगन. मला वाटलं हे संग्रहालय असेल. भाची हसून म्हणाली, "नाही मामा, हे पार्किंग आहे."

आणि खरंच ते पार्किंग आहे. या गाड्या खासगी मालकांच्या. बर्लिनमध्ये घरापाशी गाडी ठेवायला जागा नाही, रस्त्यावर हिवाळा, बर्फ, त्यावर टाकलेलं मीठ. मिठानं पत्रा कसा खातो ते आपल्या कोकणातल्या माणसाला विचारावं. तेव्हा मालक महिन्याचं भाडं भरून आपली गाडी या काचेच्या खोलीत ठेवतो. गाडी कोरड्या जागी सुरक्षित राहते. मनात येईल तेव्हा तो येतो, गाडी काढतो, फेरफटका मारून परत ठेवतो.

यातली युक्ती लक्षात घ्या. संग्रहालय चालवायचं म्हणजे वस्तू विकत घ्यायच्या, त्या सांभाळायच्या, आणि खर्च निघावा म्हणून तिकीट लावायचं. इथं वस्तूचा मालकच वस्तू ठेवण्याचे पैसे देतो. त्यामुळे बघणाऱ्याला सगळं फुकट. बघायला माणसं येतात म्हणून दुकानं आणि खाणावळ चालते. माणसं येतात म्हणून कारखान्यांना गिऱ्हाईक मिळतं. आणि कारखाने जवळ आहेत म्हणून मालक आपली गाडी इथंच ठेवतो. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, असं हे वर्तुळ आहे.

एकट्यानं का भागत नाही

आता मुख्य प्रश्न. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यांनी एकत्र यावंच का? ज्याचा त्याचा धंदा त्यानं करावा.

याचं उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. आजच्या गाडीचा भाग बिघडला तर तो काढून नवा बसवतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचा नवा भाग बहुधा मिळतच नाही. तो करावा लागतो. आणि एका गाडीत इतक्या वेगवेगळ्या विद्या असतात की त्या एका माणसाच्या हातात मावत नाहीत.

पत्र्याचं घ्या. डाव्या मडगार्डला बाक आहे, तस्साच उजव्याला आणायचा आहे. त्यासाठी एक साधं दिसणारं यंत्र असतं. वर एक मोठं चाक, खाली एक छोटं, आणि दोन्हींच्या मधून पत्रा पुढे-मागे सरकवायचा. प्रत्येक फेरीला पत्रा केसभर पातळ होतो, ताणला जातो आणि हळूहळू वाकतो. किती दाबायचं, कुठं थांबायचं, हे हाताला कळावं लागतं. आपल्याकडचा चांगला डेंटर हेच काम हातोडी आणि वाळूच्या पिशवीवर करतो.

इंजिनाचं घ्या. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी गाड्यांत बेअरिंग म्हणजे बाजारातून आणून बसवायची तयार वस्तू नव्हतीच. कथील, तांबं आणि अँटिमनी यांचा मऊ मिश्रधातू वितळवून तो जागच्या जागी ओतायचा, आणि थंड झाल्यावर नेमक्या मापाला कातायचा. याला पांढरा धातू म्हणतात. ही ओतकामाची विद्या इंजिन जोडणाऱ्या मिस्त्र्याला येतेच असं नाही. कित्येक जुन्या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, तिथं सुतार लागतो. वायरींवर सुताचं वेष्टण असतं. कार्ब्युरेटर हा तर स्वतंत्र विषय. शिवाय सीटचं चामडं आहे, छताचं कापड आहे, रंगकाम आहे, क्रोमचा मुलामा आहे.

अशी गाडी पूर्ण उघडून पुन्हा उभी करायला हजाराच्या वर तास सहज लागतात. आता समजा हे सगळे कारागीर शहराच्या चार टोकांना आहेत. गाडीचं धूड ट्रकवर घालून एकाकडून दुसऱ्याकडे न्यायचं, दर वेळी काहीतरी ओरखडायचं, काहीतरी हरवायचं. चूक झाली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. सगळे एका छपराखाली असले की गाडी ढकलत पलीकडे नेता येते. सीटवाला रंगवाल्याला विचारू शकतो, तुझं कधी सुकणार. इंजिनवाल्याला शंका आली तर दहा पावलांवर दुसरा जाणकार आहे.

आणखी एक गोष्ट. या कामात खोळंबा फार. एक भाग इंग्लंडहून यायचा असतो, तो तीन महिने येत नाही. तेवढा काळ गाडी लिफ्टवर अडकून पडली तर कारागिराचा धंदा बसतो. जवळच ठेवायची जागा असली की अर्धवट गाडी तिथं नेऊन ठेवता येते आणि लिफ्ट मोकळी होते. गॅरेजवाल्याची खरी अडचण हत्यारांची नसते, जागेची असते. ज्यांनी गॅरेज चालवलंय त्यांना हे लगेच पटेल.

आणि शेवटचा मुद्दा विश्वासाचा. जुन्या गाडीच्या व्यवहारात फसवणूक पुष्कळ. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापून वरून रंग मारला की गाडी दोन वर्षं देखणी दिसते, तिसऱ्या वर्षी फुगे येतात. इथं कितीतरी काम येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. जिथं काम उघड्यावर चालतं, तिथं पुट्टी थापायचा धीर होत नाही.

सकाळी कारखाना, संध्याकाळी मंडप

या मधल्या चौकाचं मला सगळ्यात कौतुक वाटलं ते त्याच्या लवचिकपणाचं. दिवसा तो गाड्या ने-आण करायचा रस्ता असतो. रविवारी तिथं लोक मुलांना घेऊन फिरायला येतात. जुन्या गाड्यांच्या क्लबचे सभासद जमतात, आपापल्या गाड्या उभ्या करतात, तासन् तास बोलत बसतात. संध्याकाळी तीच जागा एखाद्या कंपनीला जेवणाच्या कार्यक्रमासाठी दिली जाते. परिषद, प्रदर्शन, घरचा समारंभ, काहीही. सजावटीचा खर्च कमी, कारण भोवती गाड्याच आहेत. आणि जागा रिकामी करायची तर सामान उचलावं लागत नाही. सगळं सामान चाकांवर आहे.

ही हौस नाही, हा हिशेब आहे. गाडी दुरुस्त करण्याच्या धंद्यात पैसा सावकाश येतो. एवढ्या मोठ्या शहरातल्या एवढ्या मोठ्या जागेचं भाडं त्यातून निघणं कठीण. समारंभ, खाणावळ, गाड्या ठेवण्याचं भाडं यांचा पैसा नियमित येतो. थोडक्यात, संध्याकाळचा मंडप सकाळच्या कारखान्याला टेकू देतो.

विमानतळावर शिकाऊ मुलं

हाच विचार इंग्लंडमध्ये आणखी मोठ्या प्रमाणावर झाला आहे. ऑक्सफर्डच्या जवळ बिस्टर नावाचं गाव आहे. तिथं ब्रिटिश हवाई दलाचा बाँबफेकी विमानांचा तळ होता, १९२०च्या दशकात आखलेला. हॅलिफॅक्स नावाच्या बाँबफेकी विमानाचा पहिला नमुना २५ ऑक्टोबर १९३९ रोजी याच धावपट्टीवरून उडाला. पुढे हवाई दल तिथून गेलं आणि विटांच्या त्या सुबक इमारती पडीक झाल्या. २०१३ साली संरक्षण खात्याकडून ती जागा विकत घेऊन तिथं जुन्या गाड्यांशी संबंधित उद्योगांची वसाहत सुरू झाली. विमानांची हँगर, कोठारं, बराकी, अशा एकेका इमारतीत एकेक कारखाना आला. आज तिथं चाळीसहून अधिक व्यवसाय आहेत. रविवारी त्यांचा मेळावा भरतो, त्याला ते 'स्क्रॅम्बल' म्हणतात. युद्धात धोक्याची घंटा झाली की वैमानिक विमानाकडे धावत सुटत, त्या धावपळीला हा शब्द होता. त्या दिवशी कारखान्यांचे दरवाजे उघडे असतात आणि हजारो माणसं येतात.

पण बिस्टरमधली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट मेळावा नव्हे. तिथं जुन्या गाड्यांचं काम शिकवणारी संस्था आहे. सतरा-अठरा वर्षांची मुलं-मुली तिथं उमेदवारी करतात. नेहमीच्या मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात आज कार्ब्युरेटरला फारशी जागा उरलेली नाही, कारण नव्या गाड्यांत तो नाहीच. पांढऱ्या धातूचं ओतकाम तर दूरच. ज्यांना हे येतं ती माणसं सत्तरीला टेकली. त्यांच्यानंतर काय, हा प्रश्न ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांनाही पडला होता. एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला एकट्यानं शिकाऊ मुलगा ठेवणं परवडत नाही. वसाहतीत दहा कारागीर असले की मुलगा वर्गात शिकतो आणि शेजारच्याच कारखान्यात हात काळे करतो. गाडी एक वेळ कोठारात पन्नास वर्षं टिकेल. विद्या कोठारात टिकत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जावी लागते, आणि त्यासाठी दोन हात एका जागी यावे लागतात.

कायद्याचा आधार

हे सगळं केवळ हौशी लोकांच्या जिवावर चाललेलं नाही. त्यामागे कायदाही आहे. जर्मनीत १९९७पासून जुन्या गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते. नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर असतं, म्हणजे ऐतिहासिक. अटी तीन. गाडी किमान ३० वर्षं जुनी हवी, चांगल्या स्थितीत हवी, आणि बहुतांशी मूळ रूपात हवी. तपासणीत हे सिद्ध झालं की मोटारीला वर्षाला सुमारे १९२ युरो असा ठरावीक कर लागतो, इंजिन कितीही मोठं असो. धुरामुळे ज्या शहरी भागांत जुन्या गाड्यांना बंदी आहे, तिथंही या गाड्यांना मुभा आहे. सरकार जणू म्हणतं, ही गाडी आता वाहन कमी आणि वारसा जास्त आहे. पण तो दर्जा हवा तर तिची निगा राखा. आणि निगा राखायची म्हटलं की कारागीर लागतो.

जुन्या गाड्यांच्या संघटनांचा एक जागतिक महासंघ आहे. त्यानं २०१२ साली इटलीतल्या तुरिन शहराच्या नावानं एक सनद मंजूर केली. तिचं सार असं की जुन्या गाडीला नवी कोरी करण्यापेक्षा तिचं जुनेपण राखणं मोलाचं. जितकं कमी बदलाल तितकं चांगलं, आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा. आपल्याकडे जुन्या मंदिरांना ऑइलपेंट फासणाऱ्यांनीही हे ऐकायला हरकत नाही.

भारतातही २०२१ साली असा नियम आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढच्या नोंदणीला ५ हजार. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे गाडीला कागदावर जागा मिळाली. ती दुरुस्त करणाऱ्या हातांना जागा कुठं आहे, त्याविषयी नियमाला काही म्हणायचं नाही.

दुसरी बाजू

बर्लिनचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. जुनी गाडी ही आता श्रीमंतांची गुंतवणूकही झाली आहे. काचेआडच्या काही गाड्या फिरवण्यासाठी नाहीत, भाव वाढेपर्यंत उभ्या आहेत, असं बघताक्षणी वाटतं. आणि उभी गाडी खराब होते, हे आमचे उस्तादसुद्धा सांगायचे. पेट्रोल चिकट होतं, ब्रेक धरतात, टायर एका जागी चपटे होतात. गाडीला चालण्याची गरज असते, माणसासारखी.

दुसरा धोका असा की टेकूच पुढे घराचा मालक होतो. समारंभातून जास्त पैसा येतो म्हटल्यावर कारखान्याचा खडखडाट, वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाचा वास नकोसा होतो. मग गॅरेज काढून तिथं आणखी एक हॉटेल घालावं असं कुणाला तरी वाटतं. तसं झालं की उरतात नुसत्या शोभेच्या गाड्या. म्हणून अशी जागा चालवणाऱ्यानं एक गोष्ट धरून ठेवावी लागते. मंडप कारखान्यासाठी आहे, कारखाना मंडपासाठी नाही.

आपल्या गल्लीचं काय

बर्लिनहून परतताना मी विमानात हाच विचार करत होतो. त्यांनी मोठ्या खटपटीनं, भांडवल घालून जे उभं केलं, ते आमच्या परळच्या गल्लीत आपोआप होतं. स्वतंत्र कारागीर, सामाईक जागा, सामाईक जॅक, शेजाऱ्याचं मत, आणि उस्तादांच्या हाताखाली पाने धुणारा बारा वर्षांचा पोरगा. त्या गल्लीत खूप काही वाईटही होतं. तो पोरगा शाळेत असायला हवा होता. ऑइल गटारात जायचं, ॲसिड उघड्यावर असायचं, कुणाचाच विमा नव्हता. गल्ली जशीच्या तशी परत आणावी असं मी म्हणत नाही. पण ती उठवताना आपण फक्त अतिक्रमण मोजलं. तिथं एक कारखाना चालतो, हे मोजायचं राहून गेलं.

मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. त्या दिवशी वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या गाड्यांनी कित्येक पिढ्या मुंबईकरांना स्टेशनवर, इस्पितळात, लग्नाला पोचवलं. त्या गाड्या डोळे मिटून उघडू-जोडू शकणारी माणसं आजही आहेत. पण ती विखुरलेली आहेत आणि म्हातारी होत आहेत. कोल्हापूरला ओतकामाची भट्टी आहे, गावोगावी आयटीआय आहेत, औद्योगिक वसाहतींत बंद पडलेल्या शेड आहेत. मोठं काही करायला नको. एका शेडमध्ये पाच मिस्त्री, एक सामाईक लिफ्ट, ऑइल साठवायची नीट सोय, शनिवारी आयटीआयची दहा मुलं, आणि रविवारी लोकांसाठी उघडं दार. एवढ्यावरही सुरुवात होईल.

वडील २००५ साली गेले. फियाटची किल्ली माझ्या कपाटात आहे. बर्लिनला जाताना ती मी बरोबर नेली नव्हती, पण तिथं एका कारखान्यापुढे उभा असताना माझा हात खिशाकडे गेला. आत एक पांढऱ्या केसांचा माणूस कार्ब्युरेटर उघडून बसला होता, आणि एक मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. त्यानं एक छोटा जेट उजेडाकडे धरला, त्यातून आरपार पाहिलं आणि तिच्या हातात दिला. तिनंही तसंच पाहिलं.

आमचे उस्ताद अगदी असंच करायचे.